ऑपरेशन हृदयाचं, मार गुर्द्याला: शरीराची प्रतिकारशक्तीच किडनीला इजा कशी करते?

"ऑपरेशन तर हृदयाचं झालं, मग गुर्द्याला काय झालं?" बायपास, फुटलेल्या आतड्याचं ऑपरेशन, खुब्याचं फ्रॅक्चर किंवा अवघड सिझेरियन झाल्यावर आयसीयूच्या बाहेर बसलेले घरचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. दुसऱ्या दिवशी तेच सांगतात की लघवी कमी झाली आहे, क्रिएटिनिन वाढलं आहे, वेळ पडली तर डायलिसिस करावं लागेल. इथून घरात कुजबुज सुरू होते. कोणी डॉक्टरांची चूक काढतं, कोणी रिपोर्टच खोटा म्हणतं, कोणी पेशंट उचलून नागपूरला न्यायची घाई करतं.

या आजाराला वैद्यकीय भाषेत 'ॲक्यूट किडनी इंज्युरी' म्हणतात. म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण चार-पाच पेशंटपैकी एकाला ती कमी-जास्त प्रमाणात होते. बहुतेकांची किडनी सावरते, डायलिसिसची वेळ थोड्यांवरच येते. पण ज्यांच्यावर येते त्यांच्या जिवाला मोठा धोका असतो. ही इजा होते कशी, त्यात आपल्याच प्रतिकारशक्तीचा वाटा किती आणि घरच्यांच्या हातात काय आहे, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

किडनी इतकी नाजूक का?

आपल्या दोन्ही किडन्या मिळून मुठीएवढ्या दोन वस्तू. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोघींकडे जातो. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक बारीक नळी जोडलेली असते. दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळपास सगळा या नळ्या पुन्हा रक्तात ओढून घेतात आणि उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी होते.

हे ओढून घेण्याचं काम फार मेहनतीचं आहे, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. गंमत अशी की किडनीच्या बाहेरच्या थरात रक्त मुबलक असतं, पण ज्या आतल्या थरात या नळ्यांचा मेहनती भाग आहे तिथे ऑक्सिजन आधीच बेताचा असतो. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं, बीपी उतरलं किंवा शरीरात पाणी कमी पडलं की पहिला फटका या नळ्यांना बसतो.

पूर्वी डॉक्टरही एवढंच कारण मानत: रक्त कमी पोचलं म्हणून किडनी बिघडली. पण बीपी फारसं न उतरलेल्या पेशंटचीही किडनी बिघडताना दिसते. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावरही इजा वाढत जाते. याचं उत्तर प्रतिकारशक्तीत आहे.

जंतू नाही, तरी लढाई

कोरोनाच्या काळात 'इम्युनिटी' हा शब्द घराघरात पोचला. इम्युनिटी जितकी जास्त तितकं चांगलं, असं आपण धरून चाललो. खरं तर ती चौकीदारासारखी आहे. चोर आला तर त्याने काठी उगारावी, पण अंधारात घरच्याच माणसाला चोर समजला तर मार घरच्यालाच बसतो.

शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. या खाऊन टाकणाऱ्या पेशी रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये ओळखल्या आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे प्रश्न उभा राहिला: जंतू नसतानाही या पेशी का चवताळतात? १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी मांडलं की प्रतिकारशक्ती फक्त 'आपलं की परकं' एवढंच बघत नाही, ती 'धोका आहे का' हेही बघते. शरीराची एखादी पेशी फुटली की तिच्या आत दडलेला माल, जसे डीएनएचे तुकडे किंवा काही प्रथिनं, बाहेर सांडतो. हा सांडलेला माल म्हणजेच धोक्याचा भोंगा.

हा भोंगा ऐकणारे 'कान' पेशींवर असतात. त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. या क्षेत्रातल्या कामासाठी २०११ च्या नोबेलमध्ये ज्युल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांचा वाटा होता. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट ही की असे कान पांढऱ्या पेशींवर असतात तसे किडनीच्या नळ्यांवरही असतात. म्हणजे शरीरात कुठेही भोंगा वाजला तरी किडनीला तो ऐकू जातो.

ऑपरेशन टेबलापासून किडनीपर्यंत

आता साखळी जोडून पाहू.

सर्जन कितीही कुशल असो, ऑपरेशन म्हणजे पेशी कापणं आलंच. कापलेल्या पेशींमधून धोक्याचे संदेश रक्तात जातात. उत्तरादाखल शरीर इंटरल्युकिन-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं सोडतं. थोडी सूज गरजेची असते, तिच्याशिवाय जखम भरत नाही. ऑपरेशन मोठं असेल, रक्त जास्त गेलं असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर ही रसायनं बेसुमार वाढतात.

बायपासमध्ये हार्ट-लंग मशीन लावलं असेल तर आणखी भर पडते. हृदय थांबलेलं असताना रक्त प्लास्टिकच्या नळ्यांमधून फिरवलं जातं. परक्या पृष्ठभागाला रक्त लागलं की 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची साखळी जागी होते. ही साखळी एरवी जंतूंना भोकं पाडते. मशीनमध्ये काही तांबड्या पेशीही फुटतात आणि त्यांच्यातलं मोकळं हिमोग्लोबिन किडनीच्या नळ्यांना त्रास देतं.

किडनीत पुढे काय होतं, हे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं आहे. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत गर्दी करतात. गर्दीमुळे रक्ताची वाट अडते, त्यांनी सोडलेल्या रसायनांनी नळ्या भाजून निघतात. मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी येतात. मेलेल्या पेशींचा कचरा नळ्यांत अडकतो, गाळण्याचं काम मंदावतं आणि लघवी घटते. नळ्यांच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातूनही भोंगा वाजतो आणि नवी फौज येते. रक्तपुरवठा सुरळीत झाल्यावरही इजा का वाढते, त्याचं हे कारण.

आग लावणारे हातच दुरुस्तीही करतात

एवढं वाचून कोणालाही वाटेल की मग प्रतिकारशक्ती दाबून टाकणारं औषध द्यावं आणि मोकळं व्हावं. पण त्याच मॅक्रोफेज पेशी काही दिवसांनी आपलं रूप बदलतात. आधी सूज वाढवणाऱ्या या पेशी नंतर कचरा साफ करतात आणि नळ्यांना पुन्हा वाढायला मदत करतात. 'ट्रेग' नावाच्या टी पेशी तर सुरुवातीपासून भांडण मिटवणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसासारख्या वागतात. सरसकट सगळ्यांना गप्प केलं तर दुरुस्तीही थांबते. ऑपरेशनची जखम ताजी असताना जंतूंना रान मोकळं मिळतं ते वेगळंच.

मोठ्या चाचण्यांमधूनही हेच दिसलं. सूज दाबणारं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हार्ट-लंग मशीनवर ऑपरेशन झालेल्या ७,५०७ पेशंटच्या चाचणीत तपासलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला, मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. याच चाचणीतल्या किडनीच्या तपासणीतही फायदा दिसला नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधं सूज थोडी कमी करतात, म्हणून रोसुव्हास्टॅटिन १,९२२ पेशंटच्या चाचणीत वापरून पाहिलं. २०१६ च्या निकालात किडनीची इजा उलट जास्त दिसली.

मग काय उपयोगी पडलं? जर्मनीतल्या २७६ पेशंटच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. हृदयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना धोका जास्त, असे पेशंट लघवीच्या खास तपासणीने आधीच ओळखले गेले. त्यांच्यासाठी नवं औषध नव्हतं, शिस्त होती: बीपी आणि शरीरातलं पाणी बारकाईने सांभाळणं, साखर वाढू न देणं, किडनीला त्रास देणारी औषधं टाळणं. नेहमीच्या उपचारात ७१.७ टक्के पेशंटना इजा झाली, शिस्तीच्या गटात ५५.१ टक्क्यांना. सलाईनमधून अमिनो ॲसिड दिल्याने इजा काहीशी कमी होते, असंही २०२४ मध्ये ३,५११ पेशंटच्या चाचणीत दिसलं. ते औषध किडनीचा रक्तपुरवठा वाढवतं, प्रतिकारशक्ती दाबत नाही.

यातून आम्ही काढलेला सरळ अर्थ असा: आतली आग एका इंजेक्शनने विझत नाही. ती वेळेवर ओळखता येते आणि तिच्यात तेल ओतणं टाळता येतं. या दोन्ही कामांत घरच्यांचा हातभार लागतो.

क्रिएटिनिन उशिरा बोलतं, लघवी आधी बोलते

किडनीची इजा ओळखण्याचे जागतिक निकष २०१२ पासून ठरलेले आहेत. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग ६ तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर इजा झाली असं धरतात.

हिशोब करून पाहा. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिलिलिटर, म्हणजे ६ तासांत १८० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. हे एका पेल्यापेक्षाही कमी आहे. पिशवीत त्याहूनही कमी दिसत असेल तर सिस्टरला लगेच सांगा, "डॉक्टर राउंडला येतील तेव्हा बघू" म्हणत थांबू नका.

क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस जातात. म्हणून शास्त्रज्ञ लवकर बोलणारी खूण शोधत होते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत प्रसाद देवराजन यांच्या गटाने हृदयाचं ऑपरेशन झालेल्या ७१ मुलांची लघवी तपासली. ज्यांची किडनी पुढे बिघडली, त्यांच्या लघवीत एनगाल नावाचं प्रथिन दोन तासांतच वाढलेलं दिसलं. हे प्रथिन मुळात न्यूट्रोफिल पेशींमध्ये सापडलं होतं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच घरातलं. ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण लघवीचं माप आणि रोजचं क्रिएटिनिन कुठल्याही दवाखान्यात होऊ शकतं.

वऱ्हाडात धोका जास्त कोणाला?

आधीच थकलेली किडनी ऑपरेशनचा धक्का कमी सोसते. वय जास्त असलेले, जुनी साखर किंवा बीपी असलेले, हृदय कमजोर असलेले आणि क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असलेले पेशंट पहिल्या रांगेत येतात. ऑपरेशन इमर्जन्सीत करावं लागलं किंवा सेप्सिस झाला तर धोका आणखी वाढतो.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी यात मिळवाव्या लागतात. एक, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. इथलं भूजल खारं आहे आणि किडनीच्या आजाराची तक्रार या गावांतून वर्षानुवर्षं होत आली आहे. दुसरी, उन्हाळा. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा उन्हात राबणाऱ्या माणसाच्या शरीरात पाणी कमी असतं, आणि तो तसाच ऑपरेशनला गेला तर किडनी आधीच ताणलेली असते.

म्हणून आमचं सांगणं असं: खारपाणपट्ट्यातल्या गावाचा पेशंट असेल, उन्हातलं काम असेल किंवा साखर-बीपी असेल, तर ठरवून करायच्या ऑपरेशनआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. जुने रिपोर्ट फेकू नका. मूळ आकडा माहीत असेल तरच वाढ किती झाली हे डॉक्टरांना कळतं.

घरच्यांनी काय करावं, काय टाळावं

पहिलं, गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांना द्या. दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेली गोळी 'साधी' समजून लपवू नका. बीपीच्या काही गोळ्या आणि साखरेच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या ऑपरेशनआधी काही दिवस थांबवाव्या लागतात. कोणती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, आपल्या मनाने नाही.

दुसरं, कुश्ता, भस्म, ताकदीची पुडी. यातल्या काहींत पारा आणि शिसं सापडलेलं आहे आणि दोन्ही किडनीला घातक. हकीमसाहेबांची इज्जत आपल्या जागी, पण पुडीत काय आहे हे सर्जनला कळलंच पाहिजे.

तिसरं, पाणी. ऑपरेशनआधी किती तास उपाशी राहायचं आणि पाणी कधीपर्यंत चालेल, हे भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. रात्रभर विनाकारण कोरडं राहणं बरं नाही. उलट किडनी बिघडल्यावर "पाणी पाजा, किडनी धुऊन निघेल" हा सल्ला धोक्याचा. लघवी होत नसताना पाणी फुफ्फुसात साचतं आणि दम लागतो. जमजमचं पाणीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मापातच धरा.

चौथं, इयादतला येणाऱ्यांची पिशवी. आजाऱ्याला भेटणं ही सुन्नत आहे. पण आपल्याकडे भेट म्हणजे वरुड-मोर्शीची संत्री, केळी, नारळपाणी, खजूर. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. किडनी बंद असताना ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, अगदी थांबूही शकतात. आहारतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत ही फळं पाहुण्यांच्या हातीच परत द्या, कोणी नाराज झालं तरी चालेल.

पाचवं, रमजान. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्येच दिलेली आहे. किडनीच्या इजेतून सावरत असलेल्याने हट्टाने रोजा धरू नये. किडनीच्या डॉक्टरांना विचारावं आणि कजा किंवा फिदियाबाबत आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा. बायपासनंतर "या वर्षी तरी रोजे सुटू देणार नाही" म्हणणाऱ्या अब्बूंना हे प्रेमाने समजावणं मुलांचं काम आहे.

डायलिसिस लागलं म्हणजे सगळं संपलं का?

नाही. इथे डायलिसिस बहुतेक वेळा किडनीला विश्रांती आणि दुरुस्तीचा वेळ मिळावा म्हणून असतं. काही दिवसांत किंवा आठवड्यांत लघवी परत सुरू झाली की ते अनेकांचं सुटतं. "एकदा लावलं की आयुष्यभर" या भीतीने नकार देऊन दोन दिवस घालवले तर तेच दोन दिवस जिवावर बेततात.

खर्चाची चिंता खरी आहे. राज्याची ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, अकोल्यासह उरलेले जिल्हे २०१३ मध्ये आले. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. डायलिसिस त्यात बसतं. दवाखाना योजनेत आहे का, हे भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात तर किडनी प्रत्यारोपणही होतं. नागपूरला हलवायचं असेल तर इथल्या डॉक्टरांशी बोलून, बीपी आणि पोटॅशियम सांभाळून हलवा. अमरावतीहून दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटरचा रस्ता अस्थिर पेशंटसाठी लहान नाही.

प्रत्यारोपणाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, हीच इजा तिथेही होते. काढलेली किडनी बर्फात थंड ठेवतात, तिच्यात पुन्हा रक्त सोडलं की तोच भोंगा वाजतो. म्हणून नवी किडनी कधी कधी काही दिवस सुस्त राहते. जिवंत दात्याची किडनी थोडाच वेळ रक्ताविना राहते, त्यामुळे तिथे हे कमी घडतं.

तीन महिन्यांनी पुन्हा एकदा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. पेशंट घरी आला, लघवी सुरू झाली, दुआ झाली, आणि किडनीचा विषय संपला असं आपण समजतो. पण दुरुस्ती अर्धवट राहिली तर आत सूज धुमसत राहते आणि नळ्यांच्या जागी वण तयार होतात. वणाची जागा गाळत नाही. दुखत नाही, सूज दिसत नाही, आणि काही वर्षांनी कायमचा किडनीविकार समोर येतो. म्हणून इजेनंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी तपासण्याचा सल्ला जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत दिलेला आहे. डिस्चार्ज कार्डावर 'किडनीला इजा झाली होती' असं लिहून घ्या आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला ते दाखवा, दाढेसाठी गेलात तरी. कारण पुढची दुखण्याची गोळी तिथूनच मिळते.

किडनी बिघडली म्हणजे दर वेळी कोणाची चूक झाली असं नसतं, आणि दर वेळी नशीब म्हणून गप्प बसावं असंही नसतं. पिशवीतली लघवी मोजणं, गोळ्यांची यादी देणं, तीन महिन्यांची तारीख लक्षात ठेवणं, यासाठी डॉक्टरकीची पदवी लागत नाही. अल्लाह आपल्या सर्व आजारी बांधवांना आणि भगिनींना शिफा देवो. आमीन.